पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर

कोजागिरीच्या रात्री मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होतं, आणि माझा भाचा मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसला. "मामा, येत्या जूनमध्ये आम्ही सहा जण लेहला निघालोय. गाड्या घेऊन. पांगला पेट्रोल मिळतं का?"

त्याच्या आईनं मला दुपारीच फोन करून ठेवला होता. "त्याला जरा घाबरव," एवढंच म्हणाली. घाबरवणं मला जमत नाही. पण त्याचा प्रश्न ऐकून मात्र मीच थोडा घाबरलो, कारण २०१८ च्या जूनमध्ये आम्ही पाच जण बेळगावहून निघालो होतो तेव्हा आमचाही नेमका हाच प्रश्न होता. पांगला पेट्रोल मिळतं का, सरचूला मिळतं का, तंबूवाला देतो का. जो प्रश्न विचारायला हवा होता तो पाचांपैकी एकानंही विचारला नाही. त्या रात्री भाच्याला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो, कारण मंडळातली आणखीही बरीच मुलं आता गाड्या घेऊन लांब जायला लागली आहेत.

आधी घरच्या रस्त्याची गोष्ट. बेळगाव ते पणजी चोर्ल्यातून गेलं तर साधारण ११० किलोमीटर. आपल्यातल्या बहुतेकांचा पहिला 'लाँग रूट' हाच. कॉलेजात असताना मी बाबांची स्प्लेंडर घेऊन ऐन पावसात एकटा निघालो. जांबोटी गेलं, आणि कणकुंबीच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले नि गप्प झाली. मला काळजी नव्हती. रिझर्व्हला लावायची, झालं. खाली वाकून कॉक चाचपला तर तो आधीच रिझर्व्हवर.

ज्यांनी जुनी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाकीत पेट्रोलसाठी दोन तोंडं असायची, एक उंच आणि एक अगदी तळाशी. कॉक 'ऑन'वर असला की उंच तोंडातून पेट्रोल यायचं. पातळी त्याच्याखाली गेली की गाडी बंद पडायची, आणि मग कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवला की तळातलं लिटर-दीड लिटर मिळायचं. म्हणजे गाडी बंद पडणं हीच सूचना होती. फक्त पंपावर टाकी भरल्यावर कॉक पुन्हा 'ऑन'वर आणायची आठवण हवी. ती नसेल तर गाडी पुढच्या वेळी न सांगता सगळं पिऊन टाकते. बाबांनी ते मला दहा वेळा सांगितलं होतं. मी पावसात तीन किलोमीटर गाडी ढकलत कणकुंबीला पोचलो, एका दुकानाच्या फळीवर बाटलीत पेट्रोल होतं, ते घेतलं आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही. ते न सांगणं लक्षात ठेवा, त्याचं पुढं काम आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. पेट्रोल आता टाकीच्या आत बसवलेला पंप ढकलतो. त्यामुळे 'रिझर्व्हला लागली' असं आपण अजून म्हणतो खरं, पण फिरवायला कॉकच नाही. एक पिवळा दिवा लागतो. तो दिवा लागल्यावर किती किलोमीटर जाते हे प्रत्येक गाडीचं वेगळं, आणि ते फक्त मॅन्युअलमध्ये आणि तुमच्या स्वतःच्या अनुभवात असतं. शिवाय तो आतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणूनच थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी केली की त्याचं आयुष्य कमी होतं, आणि तो बदलायचा खर्च ऐकला की पेट्रोल स्वस्त वाटू लागतं.

आता लेह. बेळगावहून गाड्या चालवत दिल्ली गाठायला आमच्याकडे रजा नव्हती, म्हणून गोवा एक्सप्रेसनं पार्सल केल्या. रेल्वेत गाडी चढवायची तर टाकी रिकामी करावी लागते. स्टेशनवर नळी लावून पाचही टाक्या उपसल्या, आणि निजामुद्दीनला उतरल्यावर मोहिमेचा पहिला किलोमीटर आम्ही पाच जणांनी उन्हात गाड्या ढकलत पार केला. खूप हसलो. मनालीच्या वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकाला तो किस्सा सांगत होतो.

गाड्या अशा होत्या : दोन क्लासिक ३५०, त्यातली एक माझी. एक हिमालयन. एक पल्सर १५०, जिच्या मालकाला आम्ही बेळगावपासून चिडवत आलो होतो की तू वाटेत ट्रकमध्ये बसून ये. आणि पाचवी ३९० सीसीची, जुनं मॉडेल, सर्वात देखणी, सर्वात वेगवान. ती आमच्यातल्या सर्वात धाकट्याची होती. म्हणजे त्याच्या चुलतभावाची, मागून आणलेली. त्याचं नाव लिहीत नाही, तो हा अंक वाचतो.

तेव्हा अटल बोगदा व्हायचा होता (तो ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला), त्यामुळे रोहतांग चढून उतरूनच लाहौलमध्ये जावं लागे. चंद्रा आणि भागा या दोन नद्या जिथं मिळतात तिथं टांडी नावाचं गाव आहे, आणि तिथं एक पेट्रोल पंप. त्या पंपावरची पाटी बाइकवाल्यांमध्ये फार प्रसिद्ध. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं तिच्यावर लिहिलेलं. पुढचा म्हणजे थेट लेहच्या अलीकडचं कारू. सगळ्यांनी पाटीसमोर फोटो काढले. आकडा मात्र फोटोतच राहिला.

तो आकडा तिथं उभं राहून गाड्यांना लावून बघायला हवा होता. माझ्या क्लासिकची टाकी साडेतेरा लिटर. हायवेवर ती लिटरला तीसच्या पुढे द्यायची, म्हणजे चारशेच्या वर जाणार, असा माझा हिशेब. पण डोंगरात, मागं तीस किलो सामान, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास, तिथं ती पंचविसावर येते. साडेतेरा गुणिले पंचवीस, जेमतेम ३३७. त्यातून कार्ब्युरेटरची गाडी. पाच हजार मीटरवर हवा जवळजवळ निम्म्यानं विरळ असते, कार्ब्युरेटर मात्र खालच्या हवेच्या अंदाजानंच पेट्रोल सोडत राहतो. गाडी काळा धूर काढते, दम तोडते आणि पितेही जास्त. पल्सरची टाकी पंधरा लिटरची, आणि तिनं कितीही कमी दिलं तरी चाळीस. म्हणजे सहाशे. तिला कारूला जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत यायला पुरलं असतं. आणि त्या देखण्या गाडीची टाकी साधारण अकरा लिटर. भरल्यावर तिच्या डिस्प्लेवर आकडा आला ३१०.

तो आकडा फक्त त्यानं पाहिला.

हे डिस्प्लेवरचे आकडे कसे येतात तेही समजून घ्यायला हवं. गाडी गेल्या काही अंतरात तुम्ही किती मायलेज काढलंत ते बघते आणि टाकीतल्या पेट्रोलला त्यानं गुणते. पुढं घाट आहे, वारा समोरून आहे, वीस जणांच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहायचंय, हे तिला माहीत नसतं. सपाटीवरून आलेल्या गाडीचा आकडा चढावर नेहमी उदार असतो. काटा असेल तर तोही टाकीच्या आकाराप्रमाणे फसवतो. भरल्यानंतरचे पहिले शंभर किलोमीटर तो हलतच नाही, आणि अर्ध्याखाली आला की घसरगुंडी. माझा विश्वास फक्त ट्रिप मीटरवर. टाकी गळ्यापर्यंत भरली की शून्य करायचा आणि पुढच्या वेळी भरताना किलोमीटरला लिटरनं भागायचं. असं चार-पाच वेळा, वेगवेगळ्या रस्त्यांवर. सामान लादून एकदा चोर्ला किंवा आंबोली चढून-उतरून बघितलं तर सर्वात बरं. बाबांच्या वेळचं मायलेज तोंडपाठ असेल तर ते विसरा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते.

आमच्याकडे पाच-पाच लिटरचे दोन कॅन होते. एक माझ्या गाडीला, एक हिमालयनला बांधलेला. माझ्या मनात हिशेब असा की कमी पडलं तर कॅन आहे. दुसऱ्या क्लासिकवाल्याचाही तोच. आणि धाकट्याचाही तोच, तीनशे दहा अधिक कॅन. दहा लिटर पेट्रोल तिघांनी आपापल्या डोक्यात तीनदा वापरून टाकलं होतं, आणि एकमेकांना कुणी बोललं नव्हतं.

जिस्पाला पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी बारालाचाच्या चढावर बर्फ वितळून रस्त्यावर ओढे आलेले, दोन तास खोळंबा. थंडीनं गाडी परत सुरू होणार नाही या भीतीनं कुणी इंजिन बंद करेना. सरचूला पोचलो तेव्हा सगळ्यांची डोकी ठणकत होती. तिसऱ्या दिवशी गाटा लूप्सची एकवीस वळणं चढताना मला पेट्रोलचा वास येऊ लागला. माझ्याच कॅनचं झाकण दोरीच्या ओढीनं ढिलं झालेलं. त्यात मीच तो खाली मनालीत काठोकाठ भरला होता. वर चढावं तसा बाहेरचा दाब कमी होतो, कॅन फुगतो, आणि आतलं पेट्रोल वाट शोधतं. निम्मं सांडून गेलं होतं. तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. कॅन न्यायचाच तर पेट्रोलसाठी बनवलेला, थोडा रिकामा ठेवलेला, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, आणि उंचावर झाकण हळूहळू उघडायचं. पाण्याच्या बाटलीत तर नाहीच.

लाचुंग लाच्या उतारावर मी मागून बघत होतो. धाकटा वळणावर नको इतका रुंद जायला लागला. एकदा दरीच्या बाजूच्या खडीवर त्याचं मागचं चाक सरकलं, कसाबसा सावरला. मला वाटलं, उंचीनं डोकं जड झालंय. पांगला चहा पिताना विचारलं तर म्हणाला, "काही नाही दादा, ब्रेक थोडे गरम झाले."

खरं काय होतं ते संध्याकाळी कळलं. सरचूपासूनच त्याचा आकडा भराभर उतरत होता, म्हणून प्रत्येक उतारावर तो इंजिन बंद करून गाडी नुसती सोडत होता. पेट्रोल वाचवायला. इंजिन बंद म्हणजे गिअरची ओढ नाही, सगळा भार ब्रेकवर, आणि खाली पाचशे फूट दरी. यात सर्वात वाईट हे की वाचत काहीच नव्हतं. फ्युएल इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण सोडला की उतारावर ती पेट्रोल जवळपास बंदच करते. चाकंच इंजिन फिरवत असतात. त्यानं जीव धोक्यात घातला तो शून्य लिटरसाठी. तुमच्यातल्या कुणाला ही सवय असेल, चोर्ल्याच्या उतारावरसुद्धा, तर आजच सोडा.

पांगच्या पुढं मोरे मैदान लागतं. साडेचार हजार मीटरच्या वर, चाळीसेक किलोमीटर सपाट, दोन्ही बाजूंना तांबूस डोंगर आणि दुपारनंतर समोरून असा वारा की गाडी तिरकी धरावी लागते. त्या मैदानाच्या शेवटाला, टांडीपासून अडीचशे किलोमीटरच्या आत, देखणी गाडी थांबली. तो उतरला, हेल्मेट काढलं आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकला. मग म्हणाला, "टाकी अकरा लिटरचीच आहे."

त्यानं आम्हाला बेळगावात सांगितलं होतं, माझी चारशे जाते. का सांगितलं? बावीस वर्षांचा पोरगा, मागून आणलेली गाडी, चार थोरल्यांचा ग्रुप. खरं सांगितलं तर 'तू पुढच्या वर्षी ये' म्हणतील अशी भीती. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तोंडाशी कणकुंबी आली. मी तरी घरी कुठं सांगितलं होतं?

दुसऱ्या क्लासिकवाल्यानं एक कॅन पांगलाच ओतून घेतला होता. माझ्या गळक्या कॅनमध्ये अडीच लिटर. कारू अजून ११५ किलोमीटर, मधे टांगलांग ला, ५,३२८ मीटर. त्या गाडीला किमान पाच लिटर हवं. हिमालयनमधून काढता येईना, कारण इंजेक्शनच्या गाडीला खाली कॉक नसतो. शेवटी पल्सर पुढं आली. तिच्या कॉकची नळी सोडवली, कॅन खाली धरला आणि तीन लिटर उतरवलं. वाऱ्यात बोटं बधिर, थेंबाथेंबानं पाऊण तास. पल्सरवाला एक शब्द बोलला नाही. ट्रकमध्ये बसून ये म्हणणारे आम्हीच त्याच्यापुढं कॅन धरून बसलो होतो.

धाकट्याला गाडी चालवू द्यायची नव्हती. हिमालयनवाल्यानं ती घेतली, त्याला मागं बसवलं पल्सरवर, आणि हिमालयन चालवायला कोणी उरलं नाही. तेव्हा मागून आलेल्या एका लष्करी ट्रकनं धाकट्याला आणि आमचं निम्मं सामान उपशीपर्यंत नेलं, आणि पल्सरवाला त्याच्या सोबतीला ट्रकमध्ये बसला. त्याच्या गाडीसह. म्हणजे आमची थट्टा खरी झाली. त्याची गाडी एकटीच अशी होती की जिला ट्रकची गरज नव्हती. देखणी गाडी हिमालयनवाल्यानं चालवली, हिमालयन मी, आणि माझी क्लासिक ट्रकमध्ये पल्सरच्या शेजारी. टांगलांग लावर सहा वाजले होते, रस्त्यावरचं पाणी परत गोठायला लागलं होतं. उपशीला अंधारात पोचलो. धाकटा तोवर गरम थुक्पा पिऊन बसला होता. खाली उतरल्यावर त्याचं डोकं थांबलं होतं.

तर भाच्याला मी सांगितलं, पांगला मिळतं का हा शेवटचा प्रश्न. आधी सहा टाक्या कागदावर लिहा, सहांचं घाटातलं मायलेज लिहा, खरं. सर्वात कमी जो आकडा येईल तो तुमच्या सगळ्यांचा आकडा. त्यातूनही पाचवा हिस्सा कमी करा, खोळंबा आणि चुकलेल्या वाटेसाठी. कॅनचं पेट्रोल त्यात मोजायचं नाही, ते कुणाचंच नाही. आणि ज्याचा आकडा कमी त्याला हसायचं नाही, नाहीतर तो उद्या खोटं सांगेल.

पंप शोधायचं म्हणाल तर मॅपवर दिसतात ते सगळे असतातच असं नाही. कधी बंद पडलेला, कधी 'स्टॉक नाही'ची पाटी, कधी वीज नाही. लडाखमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागतं, त्यामुळे मॅप आधीच डाउनलोड करून ठेवायचा आणि खिशात रोख पैसे. आठवडाभरात त्या रस्त्यानं आलेल्या माणसाला विचारायचं. पंक्चरवाला आणि एसटीचा ड्रायव्हर यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. हुबळीच्या बाजूला गेलात तर 'पेट्रोल बंक' म्हणून विचारा, लगेच कळतं.

जवळच्या रस्त्यांनाही हेच. पुणे-बेंगळूरु हायवेवर काळजी नाही, तिथं फक्त कागलच्या अलीकडे भरायचं की पलीकडे, एवढाच प्रश्न, कारण दोन राज्यांच्या भावात फरक. गोव्यात २०१२ मध्ये व्हॅट कमी होऊन पेट्रोल ११ रुपयांनी उतरलं होतं तेव्हा आम्ही रिकाम्या टाकीनं साखळीला जायचो नि भरून यायचो. दोन रुपये वाचवायला रिकामी टाकी घेऊन घाट उतरणं हा किती मूर्खपणा, ते तेव्हा कळत नव्हतं. दांडेलीहून अणशीच्या जंगलातून कारवारला उतरताना किंवा रात्री चोर्ल्यात मी आता एकच नियम पाळतो. हायवे सोडला की अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी. पंप दिसला की भरायची.

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं, दूध संपवलं आणि उठून गेला. मला वाटलं, डोक्यावरून गेलं. रात्री साडेबाराला त्याचा मेसेज आला. त्यांच्या सहा जणांच्या ग्रुपवर त्यानं यादी टाकली होती, गाडी, टाकी, घाटातलं मायलेज. पाच आकडे भरलेले. सहाव्यापुढं, त्याच्या स्वतःच्या नावासमोर, त्यानं लिहिलं होतं, "२४०. माझीच सर्वात कमी आहे. काय करायचं बोला."

खाली त्याच्या मित्राचं उत्तर होतं, "माझीपण तेवढीच आहे रे. मी ३०० लिहिलं होतं."